पेशा या रकान्यात

२०२३ सालचे शेवटचे तीन महिने मी दुसऱ्यांचे पणजोबा शोधत होतो. बीड जिल्ह्यात तेव्हा घरोघरी हाच उद्योग चालला होता. न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासाठी जुन्या कुणबी नोंदी तपासायचं ठरलं आणि कचेऱ्यांच्या माळ्यांवर, शाळांच्या लोखंडी कपाटांत पडून असलेले बस्ते खाली उतरले. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. म्हणजे दप्तर उर्दूत, काही मोडीत, आणि ते वाचणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी. मी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतला निवृत्त शिक्षक. अंबाजोगाईत राहतो, भिंग स्वतःचं आहे. बोलावणं आलं, गेलो.

काम सांगायला सोपं होतं. समोर रजिस्टर, त्यात रकाने. नाव, वल्दियत म्हणजे बापाचं नाव, कौम, पेशा, सकूनत म्हणजे राहण्याचं ठिकाण. कौमच्या रकान्यात ‘कुनबी’ दिसलं की पानाला चिठ्ठी लावायची. पण उर्दूत हा शब्द चार अक्षरांचा : काफ, नून, बे, ये. मधल्या नून आणि बेचा दात अगदी सारखा. नूनचा नुक्ता वर, बेचा खाली, एवढाच फरक. आणि घाईत असलेला कारकून नुक्ते देतच नाही. त्यात शिकस्ता वळण, एका अक्षराची शेपटी दुसऱ्याच्या गळ्यात. मग तोच कारकून दुसऱ्या पानावर तोच शब्द कसा लिहितो ते बघायचं. आठ दिवसांत हात ओळखीचा होतो. कुठल्या दिवशी त्याला झोप येत होती, हेही कळायला लागतं.

तारखा फसली सनात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन निघतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे एका वर्षाची चूक सहज होते. महिने आजर, दै, बहमन असे. तरुण तलाठी माझ्याकडं येऊन विचारायचे, “गुरुजी, हा खुर्दाद म्हणजे कधी?” मी बोटं मोजून सांगायचो.

व्हरांड्यात लोक बसलेले असायचे. केज तालुक्यातले एक म्हातारे रोज यायचे, घरून आणलेली भाकरी तिथंच सोडायचे. एक दिवस त्यांनी सहज विचारलं, “गुरुजी, आमचं राहू द्या. तुमचे पणजोबा घावले का?”

मी हसलो. पण प्रश्न नेमका होता. मी त्यांना शोधायला लागून पाच वर्षं झाली होती.

आमच्या घरात पणजोबांविषयी तीन वाक्यं होती. दादा फरांसला गेले. तिथं घोडा मेला. दादा परत आले. एवढंच. सांगणारी माझी दादी, म्हणजे त्यांची सून. ती हे नेहमी याच क्रमानं सांगायची आणि घोड्याच्या वाक्याला थांबायची. आम्ही पोरं मागं लागायचो, लढाई सांग, तोफा सांग. ती म्हणायची, ते त्यांनी सांगितलं नाही, घोड्याचं सांगितलं.

चौथी गोष्ट म्हणजे मोहल्ल्यानं आम्हाला दिलेलं नाव : कलदारवाले. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया. आमच्या घरात रुपया टिकल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला ती थट्टाच वाटायची.

आणि दोन बिल्ले. एक चांदीचा, त्यावर राजाचं डोकं. दुसरा तांबूस, त्यावर पंख असलेली बाई. आम्ही त्याला परीचा बिल्ला म्हणायचो. १९७२ च्या दुष्काळात, मी नऊ वर्षांचा होतो, दादी चांदीचा बिल्ला घेऊन सराफाकडं गेली. मी बरोबर होतो. रेशनवर लाल मिलो मिळत होता आणि तोही पैसे मोजूनच. सराफानं बिल्ला तराजूत टाकला, अडीच तोळ्यांच्या वर भरला. त्यानं कडेवर नख फिरवलं, म्हणाला, “इथं काहीतरी लिहिलंय.” दादी म्हणाली, “लिहिल्याचे पैसे देतोस का?” परीचा बिल्ला त्यानं परत सरकवला. चांदी नाही, घरी न्या.

तो मी घरी आणला. पुढं दर पंधरा ऑगस्टला आम्ही तो राखेनं घासायचो. चकचकीत करायचो. काय पुसत होतो ते कळायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

२०१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या समाप्तीला शंभर वर्षं झाली. वर्तमानपत्रांत पुरवण्या आल्या, त्यात पदकांचे फोटो होते. परीचा बिल्ला समोर. त्याचं नाव व्हिक्टरी मेडल, आणि ती परी म्हणजे विजयदेवता. खाली एक वाक्य होतं : पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते.

त्या रात्री मी कडेवर पातळ कागद गुंडाळला आणि पेन्सिलीचं शिसं आडवं धरून हलकं घासलं. मुलांना नाण्याचं चित्र काढायला शिकवतो तसं. आधी काही नाही. मग चार आकडे आले, त्यातला तिसरा तीन की आठ ते कळेना. मग सवार या शब्दाची इंग्रजी आद्याक्षरं. मग शेख. त्यापुढं एम, आणि नंतर लांबलचक गुळगुळीत जागा. ती आमच्या राखेची. शेवटी पुन्हा अक्षरं : वीस, डी, हॉर्स. विसावा डेक्कन हॉर्स.

आता ‘दादा फरांसला गेले’ याला पत्ता मिळाला. आणि तो पत्ता आमच्याच गावातून निघत होता. अंबाजोगाईचं निजामकाळातलं नाव मोमिनाबाद. योगेश्वरीचं आणि आद्यकवी मुकुंदराजांचं हे गाव हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणीही होतं. कंटिंजंट म्हणजे खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा अशी फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८५७–५८ मध्ये हीच फौज मध्य भारतात झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढली. पणजोबांचा अभिमान बाळगायचा तर हेही वाक्य सोबत घ्यावं लागतं. १९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्या रिसाल्यांतून पुढं तीन घोडदळं राहिली : विसावा डेक्कन हॉर्स, एकोणतिसावा लान्सर्स आणि तिसावा गॉर्डन्स हॉर्स. विसाव्यात शीख होते, जाट होते आणि दखनी मुसलमान होते.

मी शोधायला बसलो. पहिलं दार कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं. त्यांच्या नोंदी घरबसल्या बघता येतात. नंबर, नाव, पलटण, मृत्यूची तारीख. कुठं कुठं बापाचं नाव आणि गावही. पण नाव कसं लिहिलं असेल? शेख हा शब्द इंग्रजीत मला सहा तऱ्हांनी सापडला. बीड तर जुन्या इंग्रजी कागदांत कधी बीर, कधी भीर. मी सगळ्या तऱ्हा घालून पाहिल्या. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक हिंदी नावं आहेत, तीही चाळली. रात्रीचे दोन वाजले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या वहीत बघतोय. ही मेलेल्यांची वही आहे. आमचे दादा परत आले होते.

या शोधातली पहिली मोठी अडचण हीच. जो लढाईत पडला त्याची नोंद राखायला एक संस्था आहे, संगमरवर आहे. अर्थात मेलेल्यांनाही सारखा न्याय मिळाला असं नाही. इराकातल्या बसरा स्मारकावर गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच्याच चौकशीत अशा असमान वागणुकीची कबुली दिली. आणि जो सवार धडधाकट घरी आला, त्याच्यासाठी तर तेवढाही दगड नाही. पंजाबची नशीबवान गोष्ट अशी की तिथल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांच्या गाववार याद्या लाहोरच्या संग्रहालयात टिकल्या आणि आता संगणकावर आल्या. दख्खनच्या सवारांची तशी वही माझ्या हाती लागली नाही.

दुसरं दार रिसाल्याच्या युद्धदैनंदिनीचं. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये या दैनंदिन्या आहेत. रोजची हकीकत अधिकारी लिहायचा. कूच किती मैलांची, पाऊस, घोड्यांची हजेरी. गोऱ्या अधिकाऱ्याला ताप आला तरी त्याचं नाव येतं. सवार मात्र आकड्यात : इतके मेले, इतके जखमी. आमचे दादा या आकड्यांतही नाहीत, कारण ते मेले नाहीत आणि जखमी झाल्याचं दादी कधी बोलली नाही.

पण त्या वहीनं एक दिवस दाखवला. १४ जुलै १९१६, सोमची लढाई. संध्याकाळ. डेक्कन हॉर्स आणि सातवे ड्रॅगून गार्ड्स यांना हाय वुड नावाच्या रानाकडं सोडलं. उभ्या पिकातून भाले घेतलेलं घोडदळ गेलं. पिकात लपलेले काही जर्मन सैनिक भाल्यांना बळी पडले, काही कैद झाले. पण पायदळाची साथ पुरी पडली नाही आणि पहाटेच्या आधी मागं फिरावं लागलं. माणसांपेक्षा घोडी जास्त पडली.

त्याच दिवसाचा एक फोटो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडं आहे. कार्नवाच्या खोऱ्यात डेक्कन हॉर्सचे सवार घोड्यांवर बसून हुकमाची वाट बघतायत. मी तो इतका मोठा करून पाहिला की चेहऱ्यांचे चौकोन झाले. फेटे दिसतात, भाले दिसतात. घोडी मान खाली घालून उभी आहेत. आमचे दादा त्यात असतील किंवा नसतील. घोडा मेला तो त्याच रात्री का, तेही त्या फोटोतून कळत नाही.

पण घोड्याचं वाक्य दादी का थांबून सांगायची, ते मला कळलं. हा रिसाला शिलेदारी पद्धतीचा होता. शब्द आपलाच. शिवकाळापासूनचा. ज्याला घोडा सरकारी तो बारगीर, ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. इंग्रजांनी ही पद्धत उचलली. भरती होताना सवारानं रिसाल्यात मोठी रक्कम भरायची, तिला असामी म्हणत. घोडा, खोगीर, कपडे, चारा हे सगळं त्याच्याकडं; सरकार देणार पगार आणि बंदूक. पायदळातल्या शिपायाला महिना ११ रुपये असताना शिलेदाराला त्याच्या तिप्पट मिळायचे, पण त्यातूनच घोडा पोसायचा. म्हणजे मोमिनाबादच्या एका घरानं शेत किंवा दागिने गहाण टाकून एक मुलगा आणि एक घोडा नोकरीला लावला होता. महायुद्धात इतके घोडे मेले की ही पद्धत कोलमडली. सरकारलाच घोडे पुरवावे लागले आणि युद्धानंतर शिलेदारी मोडीत निघाली.

आम्ही पोरं हसायचो, लढाईवरून आलेला माणूस घोड्याचं काय सांगतो म्हणून. तो घरातल्या सगळ्यात महाग वस्तूचं सांगत होता. बैल मेल्यावर शेतकरी बोलतो, तसं.

तिसरं दार पत्रांचं. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रं तपासायला बुलोन इथं खास कचेरी होती. सैनिकही बेरकी. गोऱ्यांना लाल मिरची, हिंदी शिपायांना काळी मिरी अशी भाषा करून कोण किती संपलं ते घरी कळवायचे. डेव्हिड ओमिसी यांनी अशा पत्रांचं पुस्तक १९९९ मध्ये काढलं. मी ते मागवलं. पत्रापुढं लिहिणाऱ्याची जात, रिसाला, तारीख. मूळ पत्रं टपालानं पुढं गेली किंवा अडवली गेली. उरली ती तपासनिसांनी केलेली इंग्रजी भाषांतरं. जन्मभर उर्दू शिकवलेला मी, उर्दूत लिहिलेली पत्रं इंग्रजीत वाचत होतो आणि प्रत्येक ओळ मनात परत उर्दूत नेत होतो. इथं ‘अर्ज है’ असणार, इथं ‘खैरियत से हूँ’. त्या पुस्तकात आमचे दादा नाहीत. पण फ्रान्समधून घरी लिहिताना माणूस आधी घोड्याची, मग पावसाची आणि मग स्वतःची खबर देतो, हे कळलं.

१९१८ मध्ये रिसाला फ्रान्समधून पॅलेस्टाईनला गेला आणि तिथं तुर्कांशी लढला. तुर्कस्तानचा सुलतान तेव्हा खलिफा होता. मोमिनाबादच्या मशिदीत खुतब्यात ज्याचं नाव घेतलं जात असेल, त्याच्या फौजेवर भाला धरायचा. दादीच्या तीन वाक्यांत पॅलेस्टाईन नाही. फरांस आहे आणि मग थेट घर. दादा तिथं गेलेच नसतील, किंवा गेले असतील आणि म्हणूनच ते वाक्य घरात आलं नसेल. मी दोन्ही शक्यता तशाच ठेवल्या आहेत.

आता परत २०२३. डिसेंबरातली दुपार. टेबलावर एका जुन्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आलं, १३३५ फसली म्हणजे १९२५–२६. उधईनं कोपरा खाल्लेला. मी सवयीनं कौमचा रकाना बघत खाली जात होतो. शेख, कोमटी, मराठा, शेख, ब्राह्मण, शेख. आमच्या लोकांच्या ओळी मी या कामात ओलांडून पुढं जायचो, तिथं कुणबी सापडणार नव्हता. एक ओळ ओलांडली आणि थांबलो. पोराचं नाव माझ्या आजोबांचं. वय सहा. वल्दियतमध्ये शेख, आणि त्यापुढं मीमनं सुरू होणारं पूर्ण नाव. राखेनं पुसलेली लांबलचक जागा इथं भरलेली होती, काळ्या शाईत, नुक्त्यांसकट. पेशाच्या रकान्यात दोन शब्द : वजीफायाब सवार.

हैदराबादच्या उर्दूत वजीफा म्हणजे पेन्शन. पेन्शनर घोडेस्वार.

शेजारच्या टेबलावरचे मोडी वाचणारे देशपांडे गुरुजी माझ्याकडं बघत होते. मी रजिस्टर त्यांच्याकडं वळवलं आणि ओळ वाचून दाखवली. उर्दू त्यांना येत नाही, पण मी बोट ठेवलं तिथं त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मास्तरी शंका काढली. “सवार खरा, पण कुणाचा? निजामाचीही फौज होतीच की.”

शंका बरोबर होती. निजामाचे स्वतःचे लान्सर्सही पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनला गेले होते. दिल्लीच्या तीनमूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक हैदराबादचा. माझ्याकडं पदक होतं, पण रजिस्टरातला सवार आणि पदकावरचा सवार एकच, याला एका ‘एम’ अक्षरापलीकडं आधार नव्हता. घरी जाताना बसमध्ये उत्तर सापडलं. ते लहानपणापासून आमच्या दारावर लटकलेलं होतं. निजामाच्या राज्यात निजामाचा रुपया चालायचा, हाली. त्याच्या फौजेचा वजीफा हालीत. इंग्रजी रुपया, कलदार, महाग. सहा कलदारांना सात हाली. मोहल्ल्यात कलदारात पेन्शन आणणारा माणूस इंग्रजी रिसाल्यातलाच असणार. कलदारवाले ही थट्टा नव्हती. ती नोंद होती, फक्त कागदावर नव्हती.

दुसऱ्या दिवशी केजचे म्हातारे व्हरांड्यात होतेच. मी सांगितलं, “घावले.” त्यांनी माझ्या हातावर टाळी दिली. त्यांचे स्वतःचे अजून सापडले नव्हते.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण मला ते दोन शब्द स्वस्थ बसू देईनात. पणजोबांचं फ्रान्स, घोडा, असामी, या सगळ्याला सरकारी कागदावर मिळालेली जागा ती तेवढी : एका शाळेतल्या मास्तरानं जून की आजरमध्ये, रांगेत उभ्या बापाला विचारून भरलेला एक रकाना. त्यानं कंटाळून ‘मुलाजिम’ लिहिलं असतं, तर मी आज कोरडाच असतो. आणि तो मास्तर मीच होतो. एकतीस वर्षं मी शाळेचं जनरल रजिस्टर भरलं. पालकाचा व्यवसाय : मजुरी. पुढचा : मजुरी. त्याखाली वरचेवर दोन छोट्या रेघा. गवंडी, हमाल, पिंजारी, बागवान, विहिरीवर सुरुंग लावणारे, दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड घेऊन ऊस तोडायला जाणारे. सगळे माझ्या दोन रेघांत गेले.

गेल्या जूनमध्ये मी आमच्या जुन्या शाळेत गेलो. प्रवेश चालू होते. नवी शिक्षिका, माझीच विद्यार्थिनी. समोर एक बाई पोराला घेऊन उभी, हातावर कोयत्याचे जुने वळ. शिक्षिकेनं विचारलं, काय करता? बाई म्हणाली, तोडीला जातो. शिक्षिकेनं संगणकात मजूर निवडलं. वहीतही तेच लिहायला पेन टेकवला.

मी म्हटलं, “बेटा, ऊसतोड लिही.”

“गुरुजी, संगणकात तसं येत नाही.”

“वहीत येतं.”

तिनं बाईकडं बघून विचारलं, कुठं जाता? बाईनं कर्नाटकातल्या एका कारखान्याचं नाव सांगितलं. मग आपणहून म्हणाली, आमचा पूर्ण कोयता आहे, मी आणि नवरा. शिक्षिकेनं माझ्याकडं पाहिलं, रकान्याकडं पाहिलं, अक्षर बारीक केलं आणि लिहिलं : ऊसतोड, पूर्ण कोयता. मावलं.